उजव्या हाताचा महादेव

खानदेशात गाणं ऐकून त्याचा पत्ता विचारणारा माणूस एकच झाला, आणि तो माझ्या मुलीचा सासरा होता. बाकीची माणसं गाणं ऐकतात, मान हलवतात, फार तर डोळे पुसतात आणि जेवायला बसतात. आमचे व्याही गाणं संपलं की खिशातून पेन्सिलीचं थोटूक काढायचे आणि विचारायचे, "हे कुठल्या शिवारातलं?" धुळ्याला मोजणी खात्यात त्यांचा जन्म गेला. लोकांच्या शेतांत साखळी ओढून, हद्दीचे दगड शोधून, भावाभावांच्या मधे उभं राहून दोघांच्या शिव्या खाऊन ते रिटायर झाले. साखळी हातातून सुटली, डोक्यातून काही सुटली नाही.

त्यांची माझी शेवटची साधी संध्याकाळ भुईमुगाच्या शेंगा फोडण्यात गेली. त्यानंतर तीन आठवड्यांनी ते धुळ्याला झोपेतच गेले. त्या संध्याकाळी आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, पंधरा दिवसांवर होती. ओट्यावर मधे सूप, एका बाजूला मी, एका बाजूला ते. मुलाच्या बापाने मुलीच्या बापाच्या ओट्यावर बसून शेंगा फोडायच्या ही आमच्याकडची रीत नाही. ती रीत त्यांनी पहिल्याच वर्षी मोडली होती, आणि माझ्या घरात आता शेंगा फोडायला दुसरं माणूसही नव्हतं. मी नुसत्या फोडत होतो, ते फोडून मोजत होते. एका दाण्याची वेगळी, दोन दाण्यांची वेगळी, तीन दाण्यांची निघाली की मला दाखवून मगच बाजूला. अशीच एक दाखवून झाली आणि म्हणाले, "याही, त्या गाण्याचा उद्या फैसला करतो. एक तर तिथे 'डाव्या हाताला' असं लिहितो, नाहीतर गाणंच वहीतून काढतो. चूक दिसत असताना कागद पुढे पाठवायची मला सवय नाही." त्यांना जे कोडं इतकी वर्षं सुटत नव्हतं त्याचं उत्तर आठ दिवसांपासून माझ्याकडे होतं. मी चौथी शिकलेला गवंडी, तोंडाने फटकळ, पोटात काही राहत नाही अशी गावात ख्याती. तरी मी मान खाली घालून शेंगा फोडत राहिलो, कारण ते उत्तर दिलं असतं तर त्यांना माझ्याकडे यायला काही कारण उरलं नसतं. हे समजायला आधी ते कसे होते ते सांगावं लागेल.

आमची खरी ओळख झाली लग्नाच्या मांडवात. वरात दारात, वाजंत्री थकलेली, भटजी घड्याळ बघतायत, आणि नवरदेवाचा बाप मांडवाच्या खांबाला फीत लावून उभा. मी मुलीचा बाप, हात जोडून गेलो, म्हटलं काही चुकलं का. "तुमचं नाही," ते म्हणाले, "मांडववाल्याचं. हा कोपरा काटकोनात नाही, वीतभर बाहेर गेलाय." मांडववाला म्हणाला, "दादा, लग्न लावायचं का प्लॉट पाडायचे?" सगळा मांडव हसला. मी हसलो नाही, कारण तो कोपरा सकाळपासून माझ्याही डोळ्यात खुपत होता. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "वीतभर नाही, वीत आणि चार बोटं." त्यांनी पुन्हा फीत लावली. वीत आणि चार बोटंच निघाली. त्यांनी माझा हात धरला आणि अक्षता पडेपर्यंत सोडला नाही. नवरदेवाच्या मामाला वाटलं हुंड्यावरून काही बोलणं चाललंय.

पुढे ते सारखे यायला लागले. त्यांची बायको पोरं लहान असतानाच गेलेली, नोकरीही संपलेली. फाट्यावर एसटीतून उतरलं की माझ्या दारापर्यंत त्यांची अकराशे बारा पावलं व्हायची. दारात आले की रामराम नंतर, आधी आकडा. एकदा अकराशे अठरा झाली तर पाणी न पिता तसेच मागे फिरले. तासाभराने आले ते प्रसन्न चेहऱ्याने. ग्रामपंचायतीने गटाराचं काम काढलं होतं, तिथे वळसा पडत होता. "सहा पावलं सापडली," म्हणाले, आणि मग पाणी प्यायले. खापरावरची पुरणपोळी म्हणजे आमच्याकडे पाहुण्याचा मोठा मान. माझ्या बायकोची पोळी हातावर फिरता फिरता कोपरापर्यंत यायची. ती समोर आली की हे गृहस्थ आधी एका अंगाने मोजायचे, मग दुसऱ्या अंगाने, आणि म्हणायचे, "याहीनबाई, दोन बोटांचा फरक आहे." माझी बायको डोक्यावरचा पदर पुढे ओढून, मानाने भिंतीकडे तोंड करून, त्या भिंतीला विचारायची, "याही, खातस का नोंद करतस?" ते खायचे. तीन पोळ्या खायचे, आणि तिसरी सर्वांत गोल होती असं तिला जाताना सांगून जायचे.

गाण्याच्या नादी त्यांना लावलं माझ्या मुलीने. रिटायर झाल्यावर ते घरात बसून तिला स्वयंपाकघराची मापं सांगायचे, कपाट चार इंच सरकवलं तर किती पावलं वाचतील ते सांगायचे. ती वैतागली आणि म्हणाली, "आबा, माझ्या आईला गाणी येतात, मला एक येत नाही. तेवढी लिहून आणा. टाइप करून आखाजीला सगळ्या बायांना वाटू." झालं. दुसऱ्या दिवशी हे खात्यातली जुनी वही घेऊन दारात हजर. लांबट वही, प्रत्येक पानाच्या मधोमध दोन तांबड्या रेघा. मोजणी करताना साखळीचं माप त्या रेघांच्या मधे लिहायचं, डावीकडे झाड लागलं तर डावीकडे लिहायचं, उजवीकडे विहीर लागली तर उजवीकडे. गाणीही ते तशीच लिहायचे. शब्द मधे, आणि गाण्यात जे ज्या हाताला येईल ते त्या बाजूला. माझी बायको म्हणायची, झोक्यावर बसल्याशिवाय मला आठवत नाही. मग आखाजीला मागच्या निंबाला झोका बांधला की बाया झोक्यावर आणि हे भिंतीच्या अलीकडे माझं घमेलं पालथं घालून त्यावर. गल्लीतल्या बाया एकमेकींना सांगायच्या, "याही भिंतले कान लाईसन बठेल शेत," आणि मुद्दाम एक कडवं गाळायच्या. हे भिंतीवरून हात वर करायचे, शाळेत करतात तसा.

त्यातलं एक लांबलचक गाणं तिच्या माहेरचं होतं. त्यात एक लेक आहे. सासू तिला आखाजीला माहेरी जायला एकच दिवस देते आणि दिवस बुडायच्या आत ये म्हणते. लेक निघते. वाटेत ओढा लागतो, बारव लागते, मग बाया म्हणतात, "माहेरले निघनी लेक, उजवा हातले महादेव." माहेरी आई तिला न्हाऊ घालते, वेणी घालते, मांडे वाढते, झोका देते. दिवस कलतो. लेक परत निघते, आणि तिथे बाया म्हणतात, "सासरले निघनी लेक, उजवा हातले महादेव."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा भिंतीअलीकडे पेन्सिल थांबली. "जरा थांबा," व्याही म्हणाले. झोका थांबला. "जाताना देऊळ उजवीकडे असेल तर येताना डावीकडे पाहिजे."

"उजवाच शे," माझी बायको झोक्यावरून म्हणाली.

"रस्ता एकच ना?"

"एकच शे."

"मग देऊळ हललं?"

"देव कसाले हालस?" ती म्हणाली, आणि झोका परत सुरू झाला. बाया पदरात तोंड घालून हसत होत्या. मी म्हटलं, गेला आता हा माणूस कामातून.

आणि गेलेच. पहिल्या वर्षी त्यांना वाटलं दोन महादेव असतील. दुसऱ्या वर्षी वाटलं की लेक गाडीवाटेने गेली आणि पायवाटेने आली. तिसऱ्या वर्षी त्यांनी कुठून तरी गावाचा जुना नकाशा मिळवला, आणि माझ्या सासुरवाडीच्या शिवारात त्यांना ओढा सापडला, बारव सापडली, महादेव सापडला, बठ्ठं सापडलं. मला घेऊन चाळीसगावहून एसटीने तिथे गेले. चैत्रातल्या उन्हात आम्ही दोन म्हातारे त्या वाटेने चारदा गेलो आणि चारदा आलो. जाताना महादेव उजवीकडे, येताना डावीकडे. दर खेपेला व्याही देवळासमोर थांबून देवाकडे असे बघायचे की त्यानेच दगड सरकवलाय. बांधावर शेळ्या चारणारी एक बाई म्हणाली, "काय हरवलं, बाबा?" मी म्हणालो, "यांची अक्कल." त्यांना राग आला नाही. त्यांनी तिला विचारलं, "बाई, तुमच्या शिवारात अजून एखादा महादेव आहे का?" बाई म्हणाली, "एक शे तो पुरत नही का?"

परत येताना मी चिडलो. म्हटलं, "याही, बायांनी एकदा उजवा म्हटलं, चालीत बसलं, दुसऱ्यांदा तेच म्हटलं. गाण्याला कोणी ओळंबा लावतं का?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी उभ्या जन्मात माणसांच्या चुकाच पाहिल्या. चूक कोणी इतकी जपून ठेवत नाही, याही. आजीने नातीला दिली आहे ती." घरी आल्यावर त्यांनी माझ्या बायकोला पुन्हा विचारलं. ती चुलीपुढून न उठता म्हणाली, "माले जसं देयेल शे तसंच मी म्हनसू. तुम्ही एक शब्द हलवू नका." तिच्या तोंडावर हसू होतं. मला वाटलं हिलाही माहीत नाही, म्हणून हसतेय.

दोन वर्षांपूर्वी कापूस वेचणीच्या दिवसांत ती गेली. चार दिवस ताप आला, पाचव्या दिवशी नव्हती. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. व्याही आले, माझ्या शेजारी बसले आणि तेरा दिवस त्यांनी काहीही मोजलं नाही. तेराव्याला पंगत उठल्यावर जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "याही, त्या महादेवाचं राहूनच गेलं." ज्यांनी ऐकलं ते म्हणाले काय माणूस आहे, वेळ काय, बोलतोय काय. मला तेरा दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

पुढे असं झालं की माझ्यासमोर तिचं नाव कोणी काढेना. मला वाईट वाटेल म्हणून गल्लीतले गप्प, नातेवाईक गप्प, मुलगी फोनवर जेवलात का एवढंच विचारायची. व्याही मात्र दर महिन्याला फाट्यावर उतरायचे आणि दारातून आत येता येताच म्हणायचे, "अकराशे बारा. याहीनबाई चुकल्या असतील हे मला पटत नाही." मी म्हणायचो चुकलीच. ते म्हणायचे शक्य नाही. मी म्हणायचो, माझ्या बायकोला मी जास्त ओळखतो का तुम्ही? दोन दिवस आम्ही तिच्यावरून भांडायचो, आणि भांडताना वाटायचं की ती आत चुलीपुढे बसून ऐकतेय आणि आता काहीतरी टोमणा मारणार. ते गेले की घर पुन्हा चार भिंतींचं व्हायचं. चार भिंती मी आयुष्यभर बांधल्या. त्यांत एकटं राहायचं कसं ते मला येत नव्हतं.

यंदा आखाजीच्या आधी तिच्या माहेरहून निरोप आला, ओट्याची भिंत फुगलीय, बघून जा. तिचा भाऊ आता नाही, भावजय तेवढी आहे, तिला सगळे अक्का म्हणतात. भिंत बघून झाली, चहा आला, आणि मी तक्रार केल्यासारखं म्हणालो की तुमच्या गावच्या गाण्यापायी आमच्या व्याह्यांना खूळ लागलंय. मग उजव्या हाताचं सगळं सांगितलं. अक्काने बशी खाली ठेवली.

"दाजी, तुमले इतला वरीस माहीतच नही?"

"काय?"

"आमना गावनी लेक गावले पाठ दावत नही. महादेव ओलांडस तोवर उलटीच चालस."

मला समजायला वेळ लागला. हवेत हाताने वाट काढली, वाटेच्या अंगाला देऊळ ठेवलं. माहेरी येताना तोंड माहेराकडे, देऊळ उजवीकडे. सासरी जातानाही तोंड माहेराकडेच, पाय तेवढे मागे मागे. देऊळ उजवीकडेच राहतं. भिंतीसारखं सरळ होतं.

"आमचीपण असं करायची?" मी विचारलं.

अक्का म्हणाली, दरवेळी. म्हणाली, मी आणि सासूबाई वेशीत उभ्या असायचो, महादेवापर्यंत तिचं तोंड आम्हाला दिसायचं. "आन तुम्ही पुढे. खांद्यावर बोचकं आन ताड ताड ताड. कधी मांगे पाह्यं नही."

आमच्यात नवरा पुढे चालतो, बायको मागून येते. बायकोला माहेरहून आणायला मी किती वेळा त्या वाटेने गेलो असेन. ती मागून येतेय एवढं मला पुरायचं. पैंजणांचा आवाज मंद झाला की मी म्हणायचो, पाय उचल.

"मला कधी सांगितलं का नाही तिने?"

"तुम्ही म्हनतात, सरळ चाल, पडशी."

तेच म्हणालो असतो मी. तेवढंच म्हणालो असतो.

घरी आलो. व्याह्यांना फोन लावायला दोनदा मोबाइल हातात घेतला आणि दोनदा ठेवला. कोडं सुटलं की वही मिटणार, वही मिटली की मोजणीदार पुढच्या गावाला जातो. मग माझ्या दारात येऊन तिची बाजू कोण घेणार? आठव्या दिवशी ते आपणहून आले, शेंगा फोडल्या, आणि उद्या फैसला करतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंघोळ केली, चहा घेतला, पिशवी भरली आणि वही मांडीवर घेऊन बसले. पेन्सिलीला टोक काढलं. मग खिशातून खोडरबर काढला, धोतराला पुसून स्वच्छ केला आणि पानावर टेकवला. तो रबर बघितला आणि मला दिसलं की मी काय करतोय. ज्या शब्दाला हात लावू नका म्हणून ती सांगून गेली तो शब्द आता खोडला जाणार होता, आणि महिन्यातून दोन दिवस सोबत मिळावी म्हणून मी तो खोडू देत होतो.

"थांबा," मी म्हणालो, आणि सांगून टाकलं. आधी अक्काने सांगितलेलं सांगितलं. मग आठ दिवस दाबून ठेवलं ते सांगितलं, आणि कशासाठी तेही.

त्यांनी रबर खिशात टाकला. "आम्हाला खात्यात शिकवलं होतं," ते म्हणाले, "माणूस जिकडे चालतो तिकडे त्याचं तोंड असतं. त्याच्यावरूनच डावं-उजवं धरायचं. मी तेवढंच धरून बसलो." मग तांबड्या रेघेच्या उजव्या अंगाला त्यांनी दुसऱ्यांदा 'महादेव' लिहिलं, मधे वाटेचा बाण काढला, आणि बाणाशेजारी उलट्या दिशेला बघणारं बाईचं एक छोटं डोकं काढलं. डोक्यावर पदरही काढला. वही पिशवीत घातल्यावर म्हणाले, "आणि याही, मला इथे यायला कारण लागतं असं तुम्हाला कोणी सांगितलं?"



फाट्यापर्यंत पोचवायला मी नेहमी जायचो. त्या सकाळी त्यांनी मला दारातच थांबवलं. "इथे उभे राहा. बघून घ्यायचंय मला." पिशवी खांद्याला अडकवली, छत्री बगलेत धरली, माझ्याकडे तोंड केलं आणि मागे मागे चालायला लागले. सत्तरीच्या वरचा माणूस, ओठांनी पावलं मोजत. समोरचा दुकानदार शटर अर्धं ठेवून बाहेर आला. "याहीले काय व्हयनं?" मी म्हणालो, "मोजणी चालू शे." फाट्यावरून येताना पाण्याची टाकी उजव्या हाताला लागते. टाकीशी आल्यावर ते थांबले, टाकीकडे बघितलं, आणि मला दिसेल असा उजवा हात वर केला. काहीतरी म्हणाले, ते ऐकू आलं नाही. पुढे रस्ता उखडलेला होता. मला दिसत होता, त्यांना दिसत नव्हता. सरळ चाला, पडाल, हे माझ्या तोंडापर्यंत आलं. मी ओठ मिटून घेतले. त्यांचा पाय अडखळला, छत्री पडली, ती त्यांनी न वळता, बसून, हाताने चाचपून उचलली. उठले आणि पुन्हा चालू लागले. वळणापर्यंत त्यांचं तोंड माझ्याकडे होतं.